बारा रकान्यांचे वाचन

ग्रंथालयाने वर्षारंभी दहा-बारा, क्वचित पन्नासही, रकान्यांची यादी प्रसिद्ध करावी, प्रत्येक रकान्यात पुस्तकाचे नाव न देता केवळ एक लक्षण सांगावे, आणि सभासदाने त्या लक्षणाला उतरणारे पुस्तक स्वतः शोधून वाचावे, अशा उपक्रमाला अलीकडे वाचन-आव्हान म्हटले जाते. पाश्चात्त्य देशांतील ग्रंथालये मुलांसाठी उन्हाळी सुट्टीत असे उपक्रम फार पूर्वीपासून चालवीत आली आहेत. प्रौढांसाठी त्यांचा प्रसार त्या मानाने अलीकडचा असून, फिनलंडमध्ये हेलसिंकी परिसरातील सार्वजनिक ग्रंथालये मिळून दरवर्षी जी पन्नास लक्षणांची यादी काढतात ती त्याचे ठळक उदाहरण आहे. अनुवादित पुस्तक, वाचकाच्या जन्मापूर्वी छापलेले पुस्तक, न पाहिलेल्या प्रदेशाविषयीचे पुस्तक, अशा प्रकारची ही लक्षणे असतात. कोणते पुस्तक वाचावे हे ग्रंथालय सांगत नाही. ते कोणत्या दिशेला शोधावे एवढेच सुचवते आणि निवडीचा भार वाचकावर सोडते.

या उपक्रमाचा दुसरा, अधिक लोकप्रिय अवतार केवळ संख्येचा आहे. वर्षाला पंचवीस, पन्नास किंवा शंभर पुस्तके वाचण्याचा संकल्प सोडायचा आणि दर महिन्याला आकडा जाहीर करायचा, ही रीत वाचनाच्या दृष्टीने फारशी उपकारक नाही, कारण आकडा गाठण्याच्या ओढीने वाचक सहजच कमी पानांकडे आणि ओळखीच्या लेखकांकडे वळतो. एकाच लेखकाच्या पंचवीस रहस्यकथा वाचणारा या हिशेबात यशस्वी ठरतो, आणि महिनाभर एका जाड चरित्राशी झुंजणारा मागे पडतो. त्यापेक्षा रकान्यांची पद्धत बरी, हे मान्य करूनही रकाने कोणी आणि कशावरून आखावेत हा प्रश्न उरतो. ठाणे-कल्याण-डोंबिवलीसारख्या जुन्या वाचनालयांच्या पट्ट्यात तो विशेष गांभीर्याने विचारण्यासारखा आहे.

या पट्ट्याचा ग्रंथालयीन इतिहास जुना आहे. ठाणे नगर वाचन मंदिराची परंपरा १८५० पर्यंत मागे जाते, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये स्थापन झाले, आणि १ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले. त्याच्या नावातील ‘मराठी’ या विशेषणाला त्या काळी धार होती, कारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जिल्ह्याच्या गावी ज्या नेटिव्ह जनरल लायब्रऱ्या निघाल्या होत्या त्यांच्या कपाटांत मान इंग्रजी पुस्तकांचा होता. मराठीत जे जे छापले गेले ते ते एका छताखाली आणावे, ही कल्पना घेऊन हे संग्रहालय उभे राहिले. त्याच्या संस्थापकांत अग्रणी असलेल्या विनायक लक्ष्मण भावे यांची तेव्हा पंचविशीही उलटली नव्हती. पुढे त्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला, त्यालाही ही संग्राहक वृत्तीच कारणीभूत होती असे म्हणता येते: जे आवडते तेवढेच जमवणाऱ्या माणसाला संतकवी, पंडितकवी, बखरकार आणि महानुभाव ग्रंथकार यांना एका ग्रंथात जागा देता आली नसती. महानुभावांच्या पोथ्या तर शतकानुशतके सांकेतिक लिपीत बंद राहिल्या होत्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपीचा उलगडा होईपर्यंत सामान्य मराठी वाचकाला त्या असून नसल्यासारख्या होत्या.

संग्रह करणारा आवडीनिवडीकडे काणाडोळा करतो, तर वाचणारा बहुतेक वेळा आवडीनिवडीनेच चालतो. ग्रंथालयात या दोन वृत्ती समोरासमोर येतात आणि त्यांचे जमत नाही. कपाटे सगळी भरलेली, पण देवघेव विभागातून, म्हणजे जेथे पुस्तके सभासदांना दिली आणि परत घेतली जातात त्या टेबलावरून, फिरत राहतात ती त्यांतली थोडीच पुस्तके; नव्या कादंबऱ्या, गाजलेली चरित्रे, आणि दिवाळीनंतरचे काही महिने दिवाळी अंक. शियाली रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील दुसरे सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असे सांगते आणि तिसरे सूत्र प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असे सांगते. ही दोन वाक्ये वरवर पाहता एकाच गोष्टीच्या दोन बाजू वाटतात, पण व्यवहारात दुसऱ्या सूत्राची काळजी वाचक स्वतःच घेतो, मागणी नोंदवतो, पुस्तक राखून ठेवायला सांगतो. तिसऱ्या सूत्राची बाजू मांडायला कोणीही येत नाही, कारण न वाचलेल्या पुस्तकाला तक्रार करता येत नाही. वाचन-आव्हान हे या तिसऱ्या सूत्राचे साधन आहे, असे मानले की रकाने आखण्याचे काम सजावटीचे राहत नाही.

रकाने आखताना वाङ्मयप्रकारांची यादीच पुढे ठेवण्याचा मोह होतो: एक कादंबरी, एक कथासंग्रह, एक नाटक, एक चरित्र, एक कवितासंग्रह, एक प्रवासवर्णन. मराठी ग्रंथालयांतील कपाटेही बहुधा अशीच लावलेली असतात, आणि ड्युई यांच्या दशांश वर्गीकरणात, म्हणजे सर्व ज्ञानशाखांना दहा मोठ्या वर्गांत विभागून प्रत्येक विषयाला अंक देणाऱ्या पद्धतीत, मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक मिळाल्यावर पुढचे अंक वाङ्मयप्रकाराचेच असतात. तथापि प्रकार बदलला म्हणजे वाचन बदलते असे नाही. पेशवाईवरची कादंबरी, पेशवाईवरचे नाटक, पेशव्यांचे चरित्र आणि पानिपतचे प्रवासवर्णन वाचून चार रकाने भरणारा वाचक एकाच अंगणात चार फेऱ्या मारतो. उलट एकाच विषयावरची तीन पुस्तकेही वाचकाला तीन ठिकाणी नेऊ शकतात, आणि याचे उत्तम उदाहरण कल्याणचेच आहे.

आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला झाला; मार्च १८८६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे त्या डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, पुण्यात निवर्तल्या. या आयुष्यावर काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिले, श्री. ज. जोशी यांनी १९६८ मध्ये ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी लिहिली, आणि अंजली कीर्तने यांनी ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ हे संशोधनपर चरित्र, म्हणजे कागदपत्रांच्या पुराव्याने प्रत्येक विधान तपासून घेणारे चरित्र, सिद्ध केले. काशीबाई स्वतः लग्नानंतर, घरच्यांचा रोष पत्करून आणि पतीच्या आग्रहाने वाचायला शिकल्या होत्या, त्यामुळे पतीच्या हट्टाने शिकलेल्या दुसऱ्या स्त्रीची पत्रे त्या हातात घेतात तेव्हा लेखिका आणि चरित्रनायिका यांच्यात फार अंतर राहत नाही. श्री. ज. जोशी यांच्या कादंबरीत आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचे विक्षिप्त, तापट, ध्येयवेडे व्यक्तिमत्त्व इतके जोरकस उतरले आहे की अनेक वाचकांना आनंदीबाईंहून तेच अधिक आठवतात, आणि हे कादंबरीचे यश म्हणावे की तिची मर्यादा, यावर दोन वाचक सहज भांडू शकतील. कीर्तने यांच्या ग्रंथात अमेरिकेतील माणसे, तिथले वैद्यकीय शिक्षण आणि तो काळ यांना जागा मिळते, आणि दंतकथेच्या जागी पुरावा येऊन बसतो. ही तीन पुस्तके पाठोपाठ वाचणाऱ्याला नियमावर बोट ठेवणारा संयोजक कदाचित एकाच रकान्याचे श्रेय देईल. वास्तविक त्याने विविधता या शब्दाला जागणारे वाचन केलेले असते, कारण एकाच माणसाबद्दल खरे काय हे ठरवण्याच्या तीन निरनिराळ्या रीती त्याने अनुभवलेल्या असतात.

विविधतेची कसोटी, या दृष्टीने पाहिले तर, पुस्तक वाचकाकडे कोणत्या प्रकारचे अवधान मागते ही आहे. काही पुस्तके वेगाने वाचून चालतात, काहींना पेन्सिल लागते, काही मोठ्याने वाचल्याखेरीज कळत नाहीत. लोकलच्या डब्यात उभ्याने कोणते पुस्तक धरता येईल हा डोंबिवलीच्या वाचकापुढचा प्रश्नही क्षुल्लक नाही, कारण अनेकांचे वाचन त्यावरच ठरते. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे १९१० चे पुस्तक किंवा कमलाबाई ओगले यांची १९७० ची ‘रुचिरा’ सलग वाचण्यासाठी लिहिलेली नाहीत, आणि तरीही ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्यास घरातली मापे, भांडी, इंधन आणि पाहुणे यांच्याविषयी त्यांतून जे कळते ते त्या काळच्या कादंबऱ्यांतून क्वचितच कळते. हीच गोष्ट कोशांची. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा ज्ञानकोश किंवा वाईहून १९७६ पासून निघू लागलेले मराठी विश्वकोशाचे खंड संदर्भ विभागात, म्हणजे घरी न नेता तेथेच बसून पाहण्याच्या पुस्तकांत, असतात आणि त्यांच्याकडे लोक एखादी नोंद शोधण्यापुरते जातात. एका खंडातील एका अक्षराच्या नोंदी सलग वाचणे हा रकाना म्हणून ठेवला तर ग्रंथालयाच्या वाचनकक्षात प्रौढ माणसे पुन्हा बसताना दिसतील. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी त्या खुर्च्या आधीच भरलेल्या असतात, ही अडचण खरी आहे.

ग्रंथालयापासून दूर राहणाऱ्या वाचकासाठी ठाण्यातील माजिवड्याचा विचार येथे करावा लागतो. मुंबईहून येणारा महामार्ग ज्या ठिकाणी एका हाताने नाशिककडे आणि दुसऱ्या हाताने घोडबंदरकडे वळतो, त्या चौकालगतचे हे जुने गाव आज उड्डाणपूल, मेट्रोचे खांब आणि उंच गृहसंकुले यांच्या मध्ये उरले आहे. गावठाणातील आगरी-कोळी घरांच्या शेजारी गिरगाव-दादरहून, खानदेशातून, मराठवाड्यातून आणि इतर राज्यांतून आलेली कुटुंबे राहतात. ठाण्याची जुनी ग्रंथालये मात्र स्थानकाच्या बाजूच्या वस्तीत आहेत. दर दोन दिवसांनी पुस्तक बदलून आणणारा नौपाड्याचा वाचक आणि सुट्टीच्या दिवशी वाहतुकीतून वाट काढत जाणारा माजिवड्याचा वाचक यांच्या निवडीत फरक पडतो, कारण दुसऱ्याला चूक परवडत नाही. तो खात्रीचे पुस्तक उचलतो. अशा वाचकाला आव्हानाची यादी उपयोगी पडते ती येथे: काय शोधायचे हे घरीच ठरलेले असते आणि खात्रीच्या पुस्तकासोबत एक बिनखात्रीचे उचलायला निमित्त मिळते. परंतु ती यादी परदेशातून जशीच्या तशी उतरवलेली असेल, निळ्या मुखपृष्ठाचे पुस्तक, चित्रपट निघालेले पुस्तक, शीर्षकात अंक असलेले पुस्तक, अशी, तर तिचा खेळ होतो; मौज म्हणून त्याला हरकत नाही, पण त्याने कोणतेही कपाट नव्याने उघडत नाही.

या परिसराचे रकाने या परिसरातूनच निघावेत. ‘जिल्ह्याची जुनी हद्द’ असा एक रकाना ठेवला तर गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ त्यात येते. १९४५ पासून डहाणू, तलासरी, उंबरगाव भागातील वारली वेठबिगारांनी केलेल्या लढ्याचे हे निवेदन, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले, आज पालघर जिल्ह्याचे पुस्तक ठरेल, पण १ ऑगस्ट २०१४ पर्यंत डहाणू-तलासरीचा मुलूख ठाणे जिल्हाच होता, आणि माजिवड्यातील वाचकाच्या सातबाऱ्यावर ज्या जिल्ह्याचे नाव आहे त्याच जिल्ह्यात वेठबिगारी किती अलीकडेपर्यंत चालू होती हे त्यातून कळते. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘महिकावतीची बखर’ उत्तर कोकणातील गावे, कुळे आणि राजवटी यांचा असा वृत्तांत देते की खाडीच्या दोन्ही काठांवरचा वाचक आपल्या गावाचे नाव त्यात शोधल्याशिवाय राहत नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८२ मधील ठाणे खंड इंग्रजीत आहे, आणि तो वाचणे कंटाळवाणे आहे हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र मिठागरे, भातशेती, मासेमारी आणि रेल्वे यांविषयीची त्यातील पाने वाचल्यावर गृहसंकुलाच्या जाहिरातीतील ‘निसर्गरम्य’ हा शब्द पूर्वीसारखा वाचता येत नाही.

काळाचा रकाना ठेवायचा तर तो आजोबांच्या जन्माआधीचा ठेवावा. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे आहे, ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ चे, आणि विष्णुभट गोडसे यांच्या उत्तरेकडील प्रवासाची हकिगत छापून आली ती १९०७ मध्ये. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या छपाईतील अनुस्वारांची दाटी नव्या वाचकाला अडखळवते, आणि ते अडखळणे उपकारकच असते, कारण त्यामुळे वाचनाचा वेग आपोआप उतरतो.

अनुवादाच्या रकान्यात एक अट घालणे इष्ट ठरेल. इंग्रजीतून मराठीत येणारी खपाऊ पुस्तके इतकी आहेत की तो रकाना कोणीही डोळे मिटून भरेल. म्हणून मूळ भाषा भारतीय असावी, शक्य तर शेजारच्या दारावरची असावी. मामा वरेरकर यांनी शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या बंगाली कादंबऱ्या मराठीत आणल्या तेव्हा कितीएक मराठी घरांनी बंगालकडे आपलेपणाने पाहिले, आणि उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांमुळे एस. एल. भैरप्पा यांच्यासारखे कन्नड लेखक मराठी वाचकांना परके वाटेनासे झाले. उद्वाहकात रोज भेटणाऱ्या मल्याळी किंवा सिंधी शेजाऱ्याच्या भाषेत काय लिहिले गेले याची चौकशी मात्र अजून फारशी होत नाही.

सर्वांत अधिक सावधगिरी एका रकान्याबाबत हवी. ‘वंचितांचे साहित्य’ किंवा ‘दलित आत्मकथन’ असा रकाना सद्हेतूने ठेवला जातो; परिणाम असा होतो की वाचक एक पुस्तक वाचून त्या कर्तव्यातून मोकळा होतो आणि ते पुस्तक त्याच्या लेबलाखाली कोंडले जाते. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) मुंबईच्या रकान्यात ठेवावे, कारण कावाखाना या वस्तीची ती मुंबई इतर मुंबईवर्णनांच्या शेजारी ठेवल्याशिवाय शहराचे चित्र पुरे होत नाही. ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) कोकणच्या रकान्यात असावे, म्हणजे नारळी-पोफळीच्या कोकणवर्णनांना सरावलेल्या वाचकाला डोंगर उतरून बाजारात आयदाने, म्हणजे बांबूची विणलेली भांडी, विकायला जाणाऱ्या बायकांचे कोकण भेटेल. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ स्त्रियांच्या रकान्यात अडकवण्यापेक्षा विनोदाच्या रकान्यात ठेवली तर ती कितीतरी अधिक हातांत जाईल.

इतके आखूनही निवड शेवटी वाचकाच्याच कलाने जाते, आणि त्यावर उपाय म्हणजे निवडीचा काही भाग दुसऱ्याच्या हाती देणे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या वतीने २००९ पासून चाललेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेत शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या गटाकडे जाते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते. पेटीत जे असेल त्यातूनच घ्यायचे, ही तिची मर्यादा हाच तिचा गुण आहे. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने भरवलेल्या पुस्तक आदान-प्रदान सोहळ्यांत आपले वाचून झालेले पुस्तक देऊन दुसऱ्याचे घ्यायचे असते, तेव्हा वाचकाच्या घरी येते ते कोणा अनोळखी माणसाच्या आवडीचे, किंवा कंटाळ्याचे, पुस्तक. माजिवड्यातील एखाद्या मोठ्या गृहसंकुलाने अशी पेटी मागवून तिच्यावरच वर्षाचे रकाने आखले तर दूरच्या ग्रंथालयाची अडचणही काही अंशी दूर होईल.

दिवाळी अंक रकान्यात धरावा का, यावर संयोजकांत मतभेद होणारच. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढल्यापासून कथा, कविता, लेख, व्यंगचित्रे आणि राशिभविष्य यांचे एकत्र वाचन मराठी माणूस दरवर्षी करीत आला आहे, आणि एका अंकावर पाच रकाने भरल्याचा दावा करणारा सभासद निघाल्यास त्याला अडवणे कठीण जाईल. त्याला एक रकाना द्यावा आणि पुढे जावे. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबाबतही उदार असावे: शंभर पाने वाचून का सोडले हे चार ओळींत लिहून देणाऱ्याचा रकाना भरला असे मानावे, कारण नावडीचे कारण सांगता येणे हे आवडीचे कारण सांगण्यापेक्षा अवघड असते आणि ग्रंथपालाला पुढच्या खरेदीसाठी तेच अधिक उपयोगी पडते. प्रमाणपत्रे, फिरते चषक आणि सत्कार यांची या कामाला काही गरज नाही.

शेवटचा रकाना फिनलंडच्या यादीत असो वा नसो, सव्वाशेहून अधिक वर्षे पुस्तके जमवीत आलेल्या ठाणे-कल्याणच्या ग्रंथालयांनी तो अवश्य ठेवावा. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर ज्याच्या देवघेवीचा शिक्का गेल्या दहा वर्षांत पडलेला नाही, असे कोणतेही एक पुस्तक. ते कपाटात स्वतः शोधायची मुभा जेथे आहे, म्हणजे ज्याला ग्रंथालयशास्त्रात मुक्तद्वार पद्धत म्हणतात ती जेथे चालते, तेथे वाचकाने ते स्वतः काढावे. जेथे नाही तेथे देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारावे, आणि तो जे आणून देईल ते नाव न पाहता घ्यावे. असे पुस्तक नेण्यासाठी वेगळी वर्गणी पडत नाही.